पवनचक्कीच्या अल्टरनेटरची कॉईल गुंडाळताना या चुका टाळा

घरी पवनचक्की बनवणाऱ्यांचं बहुतेक सगळं लक्ष पात्यांवर असतं आणि अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या, कॉईलचं काय, तार तर गुंडाळायची आहे असं वाटतं. पण पातं चुकलं तर उतरवून परत तासता येतं, स्टेटर (कॉईल बसवलेला, न फिरणारा भाग) एकदा रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) ओतला की आतली चूक कायमची आत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. डिझाईन नेहमीचंच धरलंय: चुंबकांच्या दोन चकत्या, प्रत्येकीवर १२ नियोडिमियम चुंबक, मध्ये ९ कॉईलचा स्टेटर, तीन फेज, म्हणजे तीन-तीन कॉईलचे तीन गट, ज्यांची वीज एकामागोमाग येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वेढे किती हे दुसऱ्याच्या मशीनवरून उचलणं. त्याचे चुंबक वेगळे, चकत्यांमधली गॅप वेगळी, पात्यांचा स्पीड वेगळा, मग त्याचा आकडा तुम्हाला कसा लागू होणार? आधी २० वेढ्यांची एक टेस्ट कॉईल करा, चकत्यांच्या मध्ये धरा, चकत्या फिरवा आणि तिचे व्होल्ट मोजा. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १२ चुंबकांच्या चकतीला एका फेऱ्यात ६ सायकल येतात, म्हणजे १५० आरपीएमला (मिनिटाला १५० फेरे) फक्त १५ हर्ट्झ (सेकंदाला १५ सायकल), आणि इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला साधा मल्टीमीटर एसी व्होल्ट चुकीचे दाखवू शकतो. त्यापेक्षा ड्रिलने ४५० ला फिरवून मोजा आणि ३ ने भागा, कारण व्होल्टेज स्पीडच्या प्रमाणातच वाढतं.

आता हिशोब. बॅटरी १२ व्होल्टची आणि चार्जिंग १५० आरपीएमला सुरू व्हायला हवं असं समजा. रेक्टिफायरमध्ये (एसीचा डीसी करणारा भाग) दोन डायोडचे मिळून साधारण १.४ व्होल्ट जातात, म्हणजे पीकला (लाटेच्या टोकाला) १३.४ हवेत, त्याला १.४१ ने भागलं की दोन वायरींमध्ये साडेनऊ व्होल्ट एसी, स्टार कनेक्शन (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र जोडलेलं, उरलेल्या तीन टोकांच्या वायरी बाहेर) असेल तर १.७३ ने भागून एका फेजला साडेपाच, आणि फेजमध्ये तीन कॉईल सिरीजला म्हणून एका कॉईलला १.८३. टेस्ट कॉईलने ४५० ला १.५ व्होल्ट दिले असतील तर १५० ला ०.५, म्हणजे ७३ वेढे. पाच मिनिटांचं काम आहे, करा!

२४ व्होल्टसाठी वेढे साधारण दुप्पट आणि तारेचा छेद (कापलेल्या टोकाचं क्षेत्रफळ) निम्मा. छेद हां, जाडी नाही. जाडी निम्मी केली तर छेद पाव होतो, रेझिस्टन्स वाढतो आणि जोराच्या वाऱ्यात कॉईल भाजून निघते. जाडी सुमारे ०.७ पट घ्यायची.

गुंडाळताना तार ढिली सुटली की कॉईल फुगते, साच्यात बसत नाही, मग गॅप वाढवावी लागते आणि व्होल्ट पडतात. म्हणून ताण एकसारखा ठेवा, पण तार धारेवरून ओढली जाऊन इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा पातळ थर) खरवडलं जाणार नाही हेही बघा. जाड तार वळत नसेल तर दोन बारीक तारा सोबत गुंडाळा. मधलं भोक साधारण चुंबकाएवढं असू द्या, लहान ठेवलं तर आतले वेढे जागा खातात आणि देत काहीच नाहीत. सगळ्या कॉईल झाल्या की एकेक वजनकाट्यावर ठेवा. वेढे मोजताना फोन आला आणि आकडा चुकला, तर ती कॉईल वजनात लगेच उघडी पडते.

आता जोडणी. ९ ही कॉईल एकाच दिशेने गुंडाळायच्या, एकच बाजू वर ठेवून मांडायच्या आणि प्रत्येकीच्या सुरुवातीच्या टोकाला टेप लावायची. १, ४, ७ एका फेजला, २, ५, ८ दुसऱ्याला, ३, ६, ९ तिसऱ्याला. माझ्या पहिल्या स्टेटरमध्ये एका फेजचे व्होल्ट बरोबर एक तृतीयांश येत होते, दोन दिवस मी सोल्डर तपासत बसलो, आणि निघालं काय तर चार नंबरची कॉईल पालथी पडलेली. तीनपैकी एक उलटी असली की ती दुसरीचे व्होल्ट खाते आणि एकीचेच उरतात. अख्खी फेज उलटी जोडली गेली तर वेगळं दिसतं: तीन वायरींमधल्या तीन रीडिंगपैकी एक बरोबर आणि बाकी दोन १.७३ पट कमी.

सोल्डर करण्याआधी टोकावरचं इनॅमल चहूबाजूंनी पॉलिश पेपरने काढा, तांबं लख्ख दिसेपर्यंत. एका बाजूने घासून भागत नाही. वरून सांधा छान दिसतो आणि लोड आला की तिथेच तापतो.

रेझिन ओतायच्या आधी कॉईल प्लायवर घट्ट बांधून एकदा मशीन जोडाच. चकत्या बोल्टने सावकाश एकमेकींजवळ आणा, चुंबक फार जोरात ओढतात, बोटं मध्ये नकोत. तिन्ही वायरी मोकळ्या असताना शाफ्ट हलका फिरायला हवा, जड लागला तर कुठेतरी वेढे आपसात शॉर्ट आहेत. मग तिन्ही टोकं एकत्र पिळा आणि हाताने फिरवा. ब्रेक एकसारखा, मधात हात फिरवल्यासारखा लागला तर सगळं बरोबर, आणि धक्के देत फिरला तर एक फेज तुटलेली किंवा उलटी आहे, रेझिनचा डबा बाजूला ठेवा आणि आधी ती शोधा.