विज्ञानमालिकेचा पहिला भाग पाहिल्यावर मत कसं द्यावं

ट्रेलर पाहायचा नाही, सबटायटल चालू ठेवायची आणि फोन दुसऱ्या खोलीत. तयारी एवढीच. 'कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण असे रकाने आखा आणि पाचपैकी गुण द्या' हा सल्ला मी शंभरदा ऐकलाय, एकदा पाळलाही. हाती आलं ते प्रगतिपुस्तक. मालिका पुढे पाहावी की सोडावी, हे त्यावरून माझं मलाच कळेना.

नवी विज्ञानमालिका आली की पहिला भाग पाहून घरच्यांना आणि मित्रांना चार ओळी लिहून पाठवायचं काम कित्येक वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यावर मंडळींचा शनिवार-रविवारचा बेत ठरतो, त्यामुळे अंदाज चुकला की बोलणी मलाच. इथे उदाहरणाला 'सेव्हरन्स' घेतो (मेंदूत चिप बसवून ऑफिसातली आणि घरची आठवण वेगळी केलेल्या कर्मचाऱ्यांची मालिका), कारण माझा सगळ्यात मोठा पचका तिच्याच बाबतीत झाला. पहिल्या दोन भागांतल्या काही गोष्टी खाली येतील. पाहिली नसेल तर आधी पाहून या.

पायरी १. पहिली भेट केवढी, ते आधी ठरवा. माझा नियम सोपा आहे: मालिकावाल्यांनी पहिल्या दिवशी जेवढे भाग एकत्र दिले, तेवढी पहिली भेट. 'सेव्हरन्स'चे १८ फेब्रुवारी २०२२ ला ॲपल टीव्ही प्लसवर दोन भाग आले, म्हणून दोन. 'अँडोर'चे त्याच वर्षी सप्टेंबरात तीन आले, म्हणून तीन. 'द एक्स्पान्स'चे चाहते 'चौथ्या भागापर्यंत थांब रे' म्हणून गळ घालतात. थांबा की खुशाल, मीही थांबलो होतो आणि पस्तावलो नाही. पण चौथ्या भागानंतरच्या मताला पहिलं मत म्हणू नका. आणि समोर आलेला पहिला भाग खरोखरच पहिला आहे ना, हेही बघा. २००२ साली अमेरिकेत फॉक्स वाहिनीनं 'फायरफ्लाय'चा दोन तासांचा आरंभीचा भाग बाजूला ठेवून आधी दुसराच दाखवला. ज्यात सगळ्यांची ओळख होते तो भाग डिसेंबरात, अगदी शेवटी दाखवला. त्या प्रेक्षकांना काही उमगलं नाही, यात त्यांचा काय दोष?

पायरी २. पाहताना फक्त प्रश्न लिहा. मत नको, विशेषणं नकोत. पाठकोरा कागद पुरतो.

पायरी ३. आता त्या प्रश्नांची निवड करा. खरी मेख इथे आहे आणि मी इथेच आपटलो होतो.

विज्ञानमालिकेच्या पहिल्या भागात गोंधळ उडणारच. जग नवं, नियम नवे, शब्द नवे. हा गोंधळ मुद्दाम घातलेला आहे की लेखकाच्या हातून झालाय, एवढं ओळखता आलं की निम्मं मत तयार झालं. मी पूर्वी सगळेच प्रश्न तक्रारी म्हणून लिहायचो. 'सेव्हरन्स'चा पहिला भाग मी फोन हातात ठेवून, मधे कुकरची शिटी मोजत पाहिला आणि सगळ्यांना कळवलं: 'संथ आहे. काहीच कळत नाही. सोडा.' मावशीनं तरीही पाहिली. तिची बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत गेलेली, विज्ञानकथेशी संबंध शून्य. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. 'अरे, ती मुलगी दारातून बाहेर गेली ती लगेच परत आत कशी आली, ते कळलं का तुला?' मला ती दारातून गेल्याचंच आठवेना. 'मग तुला कळलं नाही असं नको म्हणूस,' मावशी म्हणाली, 'तू बघितलंच नाहीस.'

तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्नापुढे एकच गोष्ट तपासतो: हा प्रश्न पडद्यावरच्या कुणाला पडलाय का?

पडला असेल, तर गोंधळ मुद्दाम घातलेला आहे. 'सेव्हरन्स' सुरू होते तेव्हा हेली, म्हणजे मावशीनं विचारलेली तीच मुलगी, एका बैठकीच्या टेबलावर पालथी पडलेली असते. स्पीकरमधून आवाज येतो, तू कोण आहेस? तिला सांगता येत नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही एका राज्याचं नाव सांग, तर ती सांगते डेलावेअर. आईच्या डोळ्यांचा रंग? माहीत नाही. पाच प्रश्नांत एवढं एकच उत्तर आलं आणि वर तिला सांगतात, पैकीच्या पैकी गुण! आपण चक्रावतो, पण तीही चक्रावलेलीच असते. आपण आणि ती एकाच टेबलावर आहोत. ही तक्रार नाही, हे आमंत्रण आहे.

कुणालाच पडला नसेल, तर दोन शक्यता. एक, त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट आहे. या मालिकेत लोकांकडे मोबाइल आहेत, पण गाड्या जुन्या धाटणीच्या आणि ऑफिसातले संगणक त्याहून जुने. हे कुठलं साल, असं कुणीच विचारत नाही. अशा वेळी एवढंच पाहायचं की सगळेजण त्या गोष्टीशी सवयीनं वागतात का. तिथलाच कर्मचारी मार्क आपलं सामान लॉकरमध्ये ठेवून लिफ्टमध्ये शिरतो तो लोकलचा पास खिशात टाकावा इतक्या सहज. मग मी गप्प बसतो आणि प्रश्न पुढे ढकलतो.

दुसरी शक्यता वाईट: प्रश्न पडायलाच हवा होता, पण पडला तर गोष्ट अडेल म्हणून लेखकानं तो पडू दिला नाही. अनोळखी ग्रहावर उतरल्या उतरल्या शिरस्त्राण काढून फुलाचा वास घेणारे शास्त्रज्ञ तुम्हीही पाहिले असतील. हा खरा दोष. असे तीन प्रश्न निघाले की मी मालिका सोडतो. दोन असतील तर मावशीला विचारतो.

कागदावरचे प्रश्न असे वेगळे केले की 'संथ' या शब्दाचंही काय करायचं ते कळतं. पहिल्या प्रकारचे प्रश्न वाढत असतील तर मालिका संथ नाही, तुम्हाला घाई आहे. अर्ध्या तासात एकही नवा प्रश्न पडला नसेल, तर मात्र बेधडक संथ म्हणा.

पायरी ४. विज्ञान खरं आहे का, ते पहिल्या दिवशी विचारू नका. मेंदूत चिप बसवून ऑफिसातली आठवण आणि घरची आठवण वेगळी करता येईल का, यावर आमच्या एका डॉक्टर मित्रानं तासभर व्याख्यान दिलं होतं. तोवर आमचा चहा निवला. नियम कुठला, तो पाळला जातो का आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढंच बघा. इथे नियम एका लिफ्टमध्ये मावतो. लिफ्ट खाली गेली की बाहेरचा तू संपलास. हेलीच्या दाराचं कोडंही त्याच नियमानं सुटतं: बाहेर पडल्या पडल्या ती 'दुसरी' झाली, आणि ती दुसरी आपल्या मर्जीनं परत आत आली. नियम दारातही तोच, लिफ्टमध्येही तोच. मला तेवढं पुरतं.

पायरी ५. आपण कुठल्या मनःस्थितीत पाहिली, ते एका ओळीत लिहा. 'डॉक्टर हू'चा पहिला भाग बीबीसीनं २३ नोव्हेंबर १९६३ ला दाखवला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवला गेला. तुमच्याकडे एवढं मोठं कारण नसेल. 'कुकर लावला होता' हेही चालतं. वाचणाऱ्याला अंदाज येतो.

पायरी ६. चार ओळी लिहा, तारीख टाका, पाठवा. पहिल्या ओळीत एक दृश्य, जसं पाहिलं तसं. दुसरीत नियम. तिसरीत खरा दोष, असला तर. चौथीत कुणी पाहावी. कोण मेलं आणि कोण कुणाचं निघालं, हे यात कुठेच बसत नाही, त्यामुळे स्पॉयलरची काळजी वेगळी करावी लागत नाही. सीझन संपल्यावर जुन्या ओळी दुरुस्त करायच्या नाहीत. माझं 'सोडा' अजून तसंच आहे आणि घरात वर्षातून दोनदा वाचून दाखवलं जातं.

मावशीनं त्या वेळी फोनवर सांगितलेलं मात्र मी तिच्याच शब्दांत लिहून ठेवलंय: 'तो माणूस गाडीत बसून रडतो, डोळे पुसतो आणि कामाला जातो. लिफ्टनंतर त्याला आठवतही नाही. आमच्या कचेरीत अशी लिफ्ट असती तर रांग लागली असती. पाचव्या मजल्यापर्यंत.'