डिलिव्हरीचा व्हिडिओ काढायचाय? आधी हे करून ठेवा

सगळ्यात आधी बायकोला विचारा, काय शूट करायचं अन काय नाही हे तीच ठरवणार, आणि ऐनवेळी ती नको म्हणाली तर फोन खिशात. मग आठव्या-नवव्या महिन्याच्या चेकअपलाच डॉक्टरांना विचारून घ्या, कारण नॉर्मलला परवानगी देणारे डॉक्टर सिझरला तुम्हाला ऑपरेशन थिएटरमध्ये घेतीलच असं नाही. आमच्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांतही प्रत्येकाचा नियम वेगळा असतो बरं.

फोनमधला कचरा आधीच साफ करा, 1080पी (फुल एचडी) व्हिडिओला मिनिटाला शंभरेक एमबी धरून चाला. एअरप्लेन मोड तर विसरूच नका!! माझ्या वेळी नेमका बाळ बाहेर येताना सासऱ्यांचा कॉल आला, रेकॉर्डिंग तिथंच थांबलं आणि पहिलं रडणं गेलं ते गेलंच, अजूनही जीव हळहळतो. फ्लॅश बंद ठेवा. वरचा मोठा लाइट इतका प्रखर असतो की बाळ नुसतं पांढरंफटक दिसतं, म्हणून स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि ब्राइटनेस थोडा खाली ओढा.

उभं राहायचं बायकोच्या डोक्याकडे, म्हणजे तिचा चेहरा मिळतो, डॉक्टरांच्या मधे येत नाही आणि दुसरा हात तिच्या हातात राहतो. मे महिन्यातली तारीख असेल तर फोन गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, नागपूरच्या उन्हात तापून बंद पडतो. आणि बाळाला आईच्या छातीवर ठेवलं की मिनिटभर शूट करा, मग फोन ठेवा अन बाळाकडे बघा.