स्टॉप मोशनसाठी खेळण्यांचे पाय कसे रोवावेत

स्टॉप मोशन म्हणजे खेळणं जरासं हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचं; हे फोटो भराभर दाखवले की ते स्वतःच चालल्यासारखं दिसतं. माझा प्लास्टिकचा पोलीस सत्तराव्या फोटोपर्यंत झकास चालत आला होता. एकाहत्तराव्याला त्याचा हात वर करायला गेलो आणि गडी तोंडावर आपटला. उचलून 'साधारण तिथेच' ठेवला, तर पडद्यावर तो चालता चालता मध्येच आडवी उडी मारताना दिसला. सेकंदाला १२ फोटो धरले तर जेमतेम सहा सेकंदांचं काम, पण संध्याकाळ गेली.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित केली होती. त्या रोपाला निदान मुळं होती. आपल्या खेळण्यांना ती आपणच लावायची.

आधी जमीन पक्की करा

टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली कागदाची घडी सारा, नाहीतर सरळ फरशीवर मांडी घालून बसा. ज्या पाट्यावर खेळणं चालणार तो टेबलाला टेपने चिकटवा आणि मोबाइलच्या स्टँडचे पायही. पंखा बंद. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण पंख्याच्या वाऱ्याने कागदाची झाडं हलतात, हलकी खेळणीही झुलतात.

सांधे तपासा

खेळण्याचा एक हात वर करून त्यावर बोटाने हलकेच दाबा. पाय सरकला तर चिकटवायचं काम आहे. पाय जागेवर राहून गुडघाच वाकला तर सांधा ढिला आहे, तिथे कितीही चिकटवा, उपयोग नाही. ढिल्या सांध्यात बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब सोडा आणि वाळेपर्यंत सांधा अधूनमधून हलवत राहा, नाहीतर तो आखडून बसेल.

नुसतं उभं राहायचं असेल तर

भिंतीवर पोस्टर लावायचा ब्लू टॅक पुरतो. सगळे चुकतात ते इथे: खूप लावतात. मुगाच्या दाण्याएवढी गोळी घ्या, बोटांत मळून मऊ करा, टाचेखाली लावा आणि खेळणं किंचित पिळत खाली दाबा. गोळी पसरून पापडासारखी पातळ झाली की पकड येते. जाड राहिली तर खेळणं तिच्यावरच डोलतं, आणि फोटोत पायाखालून निळी कड डोकावते ती वेगळीच. काढतानाही सरळ ओढू नका, पिळून सोडवा. चिकटून राहिलेला अंश त्याच गोळीने टिपला की निघतो. दिव्याच्या उष्णतेने गोळी सैल पडते, म्हणून सुटी गोळी फ्रीजमध्ये ठेवून आलटूनपालटून वापरतो. मुलांच्या क्लेनेही काम भागतं, फक्त कागदावर तेलकट डाग राहतो.

लेगोच्या माणसांचं सोपं आहे, खुंट्यांच्या पाटीवर ती टक्कन बसतात. पण दोन खुंट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर असतं. त्याहून बारीक पाऊल हवं तर गुळगुळीत पाटी घ्या आणि पुन्हा ब्लू टॅककडेच या.

चालायचं असेल तर

प्रत्येक पावलाला गोळी सोडवणं, लावणं, सोडवणं… दहा फोटोंत कंटाळा येतो. इथे लोहचुंबक बरा. बहुतेक प्लास्टिकच्या खेळण्यांचे पाय खालून पोकळ असतात. एम-सीलचे दोन्ही भाग एकच रंग येईपर्यंत मळा, पोकळीत भरा, त्यात लोखंडी नट दाबून तळव्याशी समतल करा आणि रात्रभर सुकू द्या. नट घेण्याआधी दुकानातच चुंबक लावून बघा. स्टेनलेसचे बरेच नट चुंबकाला दादच देत नाहीत. पाटा म्हणून ३ मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्यांवर ठेवा, म्हणजे खाली हात जाईल. पायाच्या बरोबर खाली, बोर्डाच्या मागून, छोटा पण दमदार निओडिमियम चुंबक लावा.

चुंबकच पायात का नाही भरायचे? मी भरले होते. दोन्ही पाय जवळ आले की एकमेकांना चिकटायचे.

हे चुंबक लहान मुलांपासून लांब ठेवा. दोन पोटात गेले तर आतड्याला चिमटा बसतो. तशी नुसती शंका आली तरी लगेच दवाखाना गाठा.

चालताना एकच नियम: एक पाय कायम रोवलेला. उजवा सोडवण्याआधी अंग डाव्या पायावर झुकवा, मग उजव्याखालचा चुंबक काढा. साध्या चालीत एका पावलाला अर्धा सेकंद, म्हणजे सहा फोटो पुरतात.

उडी मारायची असेल तर

आता पाय रोवता येत नाहीत. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने, पाठीला ब्लू टॅकने जाड तार लावा आणि तारेचं दुसरं टोक एखाद्या जड वस्तूत घट्ट बसवा. उडी सुरू करण्याआधी खेळणं आणि तार दोन्ही काढून रिकाम्या देखाव्याचा एक फोटो घ्या, त्याच उजेडात, कॅमेऱ्याला धक्का न लावता. नंतर एडिटिंगमध्ये जिथे तार दिसते तिथे हा रिकामा फोटो खालून उघडा करायचा. तारेची सावली मात्र हमखास विसरली जाते. दिवा असा फिरवा की ती चौकटीबाहेर पडेल.

तरीही पडलंच तर

पडणारच. बहुतेक स्टॉप मोशन ॲपमध्ये मागचा फोटो पुसट दिसण्याची सोय असते, ती चालू ठेवा आणि खेळणं त्या पुसट आकृतीवर बसवा. शिवाय क्लेच्या गोळ्यात टूथपिक खोचून तिचं टोक खेळण्याच्या नाकापाशी आणतो, दुसरी कोपरापाशी. फोटो काढताना दोन्ही टूथपिका बाजूला काढतो, म्हणून त्यांच्या जागा पाट्यावर पेन्सिलीने आखलेल्या असतात. पोलीस आता पडला की टूथपिका परत आखलेल्या जागी ठेवतो आणि त्याचं नाक टोकाला टेकवतो.