कॅन्सरच्या उपचारानंतर पाय सुजतोय? या चुका टाळा

गर्भाशय, गर्भाशयमुख किंवा योनिमुखाच्या कॅन्सरमध्ये ओटीपोटातल्या, जांघेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड्स) काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की पायातल्या लसिकाद्रवाची (लिम्फ, म्हणजे पेशींभोवतून गोळा होणारा द्रव) वर चढायची वाट अडू शकते. मग लिम्फेडेमा होतो, म्हणजे हा द्रव साचून सूज येते. कधी काही महिन्यांत, कधी काही वर्षांनी. आधी पाय जड वाटतो, एकच चप्पल घट्ट होते, मोज्याचा वळ लवकर जात नाही. ‘चालणं जास्त झालं असेल’ म्हणत इथेच दिवस जातात. रात्रभर पाय उंचावर ठेवल्यावर सूज उतरतेय, तोवरच दाखवा. पुढे कातडी जाड आणि टणक होत जाते.

पाणी कमी पिऊन ही सूज जात नाही. लघवीच्या गोळ्यांनीही नाही, कारण या द्रवात प्रथिनं असतात; पाणी निघालं तरी ती मागे राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. (बीपी किंवा हृदयासाठी दिलेली अशी गोळी मात्र मनाने बंद करू नका.)

सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्टॉकिंगचा, म्हणजे या सुजेसाठी पायावर दाब देणाऱ्या घट्ट, लांब मोज्याचा. माप सूज उतरलेली असताना द्यायचं, आणि घालायची सकाळी उठल्या उठल्या. दुपारी फुगलेल्या पायावर ती चढत नाही. मग ‘मला नाही जमत’ म्हणून कपाटात जाऊन बसते. रबरी हातमोजे घाला, आधी टाच नीट बसवा आणि हाताच्या तळव्यांनी थोडी थोडी वर सरकवत न्या. लांब झाली म्हणून वरची कड दुमडू नका. तिथे दाब दुप्पट होतो, मांडीला खाच पडते आणि खालचा पाय आणखी फुगतो. एखाद्या दिवशी स्टॉकिंग अगदी सहज चढली, तर खूश होऊ नका, ती सैल झालीय. रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांनी बदलावीच लागते. घरातलं क्रेप बँडेज हा तिला पर्याय नाही. ते घसरून दोरीसारखं आवळतं.

तेल लावून पोटऱ्या रगडणंही नको. इथला मसाज कातडी जेमतेम सरकेल इतका हलका असतो आणि सुरुवात पावलापासून नाही, वरून होते. तो लिम्फेडेमाच्या थेरपिस्टकडूनच शिका. पाय सांभाळत बसून राहू नका. स्टॉकिंग घालून चाला, घोटे वर-खाली करा.

एक गोष्ट बायका सांगतच नाहीत: जांघ, ओटीपोट किंवा योनिमुखाजवळची सूज. पायाला हवेच्या दाबाचं मशीन लावत असाल तर ही सूज वाढू शकते, म्हणून लाज बाजूला ठेवून सांगा.

बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करा. बुरशीच्या भेगेतून जंतू शिरतात. पाय लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला, तर मसाज थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, अँटिबायोटिक लागतं. पाय अचानक सुजून दुखू लागला तर शिरेत गुठळी असू शकते. तेव्हाही त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागला तर थेट इमर्जन्सीत जा. स्थिर असलेली सूज कारण नसताना वाढू लागली, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा.