बेळगावात नव्याने आलात? ओळखी जोडताना या चुका टाळा

बेळगावात येऊन सहा महिने उलटले, नोकरीत जम बसला, घरमालकांशीही पटले, तरी रात्री-अपरात्री हक्काने फोन करावा असे शहरात एकही घर नाही, ही तक्रार मी अनेक नवागतांकडून ऐकली आहे. कोल्हापूरहून उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये नोकरीसाठी आलो तेव्हा माझेही पहिले वर्ष असेच कोरडे गेले, आणि येथील माणसांना बाहेरून आलेल्यांविषयी आस्था नाही, असा समज मी करून घेतला होता. तो समज खोटा ठरायला दुसरे वर्ष लागले. माणसे आपल्या जागी होती. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या माझ्या रीतीत दोष होते. तेच दोष मला आज नव्याने येणाऱ्या तरुणांत दिसतात, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

शनिवारी संध्याकाळी शहर सोडणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. कोल्हापूर येथून सुमारे ११० किलोमीटरवर आहे, हुबळी त्याहून थोडी जवळ आहे, सांगलीही फार दूर नाही. त्यामुळे शनिवारी काम सुटले की बॅग उचलून बसस्थानक गाठायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परतून थेट कामावर हजर व्हायचे, ही सवय नकळत जडते. आई-वडिलांना भेटण्यात गैर काहीच नाही. परंतु गल्लीतील बैठक, मित्राच्या घरचे जेवण, वाचनालयातील व्याख्यान, मंडळाची सभा हे सारे ज्या दीड दिवसात घडते, नेमका तोच दीड दिवस आपण शहराबाहेर घालवतो. मी वर्षभर असे केले आणि कारखान्यातील माणसांपलीकडे कोणालाही माझे नाव ठाऊक झाले नाही.

कॅन्सस विद्यापीठातील संशोधक जेफ्री हॉल यांचा या विषयावरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या एका भागात त्यांनी गेल्या सहा महिन्यांत नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या ३५५ प्रौढांना प्रश्न विचारले होते. साधी ओळख जुजबी मैत्रीत बदलण्यास अंदाजे ५० तास, मित्र म्हणण्याइतकी जवळीक येण्यास ९० तास आणि जिवलग मैत्रीस २०० तासांहून अधिक सहवास लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातही कामाच्या ठिकाणी एकत्र घालवलेले तास मैत्रीच्या हिशेबात फारसे उपयोगी पडत नाहीत, हे त्यांना आढळले. आता आपला हिशेब मांडून पाहा. एखाद्या माणसाला आठवड्यातून दोन तास भेटलात, तरी ५० तास भरायला २५ आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा महिने लागतात. प्रत्येक रविवार गावी घालवणाऱ्याचा हा हिशेब सुरूच होत नाही.

उपाय असा की पहिल्या वर्षी महिन्यातील किमान दोन रविवार बेळगावातच काढावेत आणि ते नेहमी त्याच ठिकाणी, त्याच वेळी काढावेत. आज एका कार्यक्रमाला, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच भागात अशी भटकंती केली, तर चेहरे खूप दिसतात आणि लक्षात एकही राहत नाही. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी फिरायला येणारे लोक वर्षानुवर्षे तेच असतात. पहिला महिना कोणी बोलत नाही, नंतर कोणीतरी मान हलवून दखल घेतो, आणि चार दिवस तुम्ही दिसला नाहीत तर पाचव्या दिवशी, ‘गावी गेला होता काय?’ असा प्रश्न येतो. माझ्या अनुभवात शहरातील पहिली खरी ओळख त्या प्रश्नापासून सुरू झाली.

येथील मराठी सुधारायला जाणे

पुणे-मुंबईकडून किंवा आमच्या कोल्हापुरातून आलेल्या माणसाला बेळगावची मराठी कानाला वेगळी लागते. क्रियापदांची रूपे निराळी, कन्नडमधून आलेले शब्द पुष्कळ, आणि बोलण्याला एक प्रकारचा हेल असतो. मित्रामित्रांत ‘बे’ हे संबोधन सहज येते आणि त्यात आपुलकीखेरीज काहीही नसते. पहिल्याच आठवड्यात आमच्या एका टर्नरने मला ‘चहा घेतलास काय बे?’ असे विचारले, तेव्हा मी त्याला हे संबोधन कामाच्या ठिकाणी शोभत नाही असे सांगितले. त्यानंतर कित्येक महिने तो मला केवळ ‘साहेब’ म्हणत राहिला. त्या एका शब्दाने आमच्यात उभी राहिलेली भिंत पाडण्यासाठी मला त्याच्या घरी जाऊन क्षमा मागावी लागली, आणि ‘बे’ पुन्हा ऐकू आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

या बोलीचा आदर राखण्यास आणखी एक कारण आहे. मराठी शाळा, मराठी वाचनालये आणि मराठी नाटक येथील लोकांनी शासकीय पाठबळाची फारशी आशा नसताना स्वतःच्या श्रमाने टिकवले आहे. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ सालची आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९४६ मध्ये येथे भरले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्याच व्यासपीठावरून करण्यात आली. अशा शहरात आपण शुद्धलेखनाचे मास्तर होऊन वावरणे अनुचित आहे.

सीमाप्रश्नावर पहिल्याच भेटीत मत मांडणे

नवागत मराठी माणूस पुष्कळदा उत्साहाच्या भरात हा विषय काढतो. १ नोव्हेंबर हा दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो आणि येथील मराठी भाषिक तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्राने दाखल केलेला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्या घरांनी या प्रश्नापायी तुरुंगवास आणि लाठ्या सोसल्या आहेत, त्यांना महिनाभरापूर्वी आलेल्या माणसाचे आवेशाचे बोलणे पोकळ वाटते. शेजारच्या टेबलावरील कन्नड सहकाऱ्याला मात्र तेच बोलणे आपल्याला दूर लोटणारे वाटते. एका वाक्यात दोन्हीकडची दारे लोटली जातात. या विषयावर आपण प्रथम ऐकावे. ओळख मुरल्यावर घरातील वडीलधारे स्वतःहून सांगू लागतात, आणि ते ऐकण्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवावी.

कन्नडवाचून भागते, असे मानणे

शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, गणपत गल्ली या भागांत केवळ मराठीवर वर्षानुवर्षे निभावते, हे खरे आहे. तरीही ज्याला येथे व्यवसाय किंवा नोकरी वाढवायची आहे, त्याने कन्नड न शिकणे म्हणजे निम्म्या शहराकडे पाठ करून बसणे होय. गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडून येणारे कामगार, पुरवठादार, बँकेतील कर्मचारी आणि कचेरीतील कारकून यांच्याशी पहिली दोन वाक्ये त्यांच्या भाषेत झाली, तर पुढचे बोलणे बहुतेक वेळा तेच मराठी किंवा हिंदीत वळवून घेतात. या भागातील कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटी आदरार्थी ‘री’ लागतो, म्हणून ‘हौद्री’ म्हणजे होय, ‘बर्री’ म्हणजे या, ‘एष्ट्री’ म्हणजे किती, एवढ्यापासून आरंभ करावा. अण्णा आणि अक्का ही संबोधने दोन्ही भाषांत चालतात, त्यामुळे वयाने मोठ्या माणसाला हाक मारताना अडण्याचे कारण नाही. येथील मराठी कुटुंबे बाजारात कन्नड आणि घरात मराठी सहजतेने बोलतात, आणि त्यामुळे त्यांची मराठी उणावलेली नाही.

फक्त मोठ्या माणसाच्या मागे लागणे

नव्या शहरात एखादा प्रतिष्ठित कारखानदार किंवा पुढारी ओळखीचा झाला की सारी कामे होतील, या समजुतीने कित्येक तरुण कार्यक्रमांत व्यासपीठाभोवती घुटमळतात, कार्ड पुढे करतात आणि दुसऱ्या दिवशी कामाचा संदेश पाठवतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळील न्यूटन येथे केलेली पाहणी १९७३ मध्ये मांडली. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी १६.७ टक्के लोकांना ती नित्य भेटणाऱ्या व्यक्तीकडून, ५५.६ टक्के लोकांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २७.८ टक्के लोकांना क्वचितच भेटणाऱ्याकडून समजली होती. रोजच्या मित्रांना आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. दुसऱ्या वर्तुळातील बातमी थोड्या दूरच्या माणसाकडून येते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. उद्यमबागेत हे मी प्रत्यक्ष पाहिले. माझ्या दुसऱ्या नोकरीची खबर मला एका टेम्पोचालकाने दिली, कारण कास्टिंग पोहोचवताना तो दिवसातून पाच-सहा कारखान्यांच्या दारात उभा असे आणि कोठे माणूस हवा आहे हे मालकांच्या आधी त्याच्या कानी पडे.

वर्गणी देऊन बाजूला होणे

गणेशोत्सवात आणि वैशाखातील शिवजयंतीला येथील गल्ल्या अक्षरशः रात्रंदिवस राबतात. चित्ररथाच्या मिरवणुकीची तयारी तर कित्येक आठवडे आधी सुरू होते. नवागत पावती घेतो, पैसे देतो आणि खिडकीतून मिरवणूक पाहतो. त्याऐवजी एखादी रात्र वायर ओढायला, रंग द्यायला, हिशेबाची वही लिहायला द्यावी. हाच प्रकार ग्रामीण साहित्य संमेलनांचा. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत हिवाळ्यात संमेलने भरतात, तेथे ग्रंथदिंडीपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत सारे गाव राबत असते. भाषण ऐकून निघून आलात तर श्रोते राहिलात. पंगतीत वाढायला उभे राहिलात तर पुढील वर्षी निरोप येतो. माझ्या मते नवागतासाठी याहून चांगली संधी बेळगाव परिसरात नाही.

ओळख होते, पण पुढे सरकत नाही, ही अडचण असेल तर

बहुधा आपण फक्त मागत असतो किंवा फक्त शुभेच्छांचे संदेश पाठवत असतो. खोली, डॉक्टर, चांगला सुतार यांची चौकशी करणे योग्यच आहे, कारण लहान मदत मागितल्याने समोरच्यालाही मान दिल्यासारखे होते. मात्र काम झाल्यावर जाऊन ते कळवले पाहिजे. डॉक्टरांचा पत्ता ज्याने दिला, त्याला रुग्ण बरा झाल्याचे सांगायला मी एकदा विसरलो आणि तो माणूस पुढे माझ्याशी तुटक वागू लागला, तेव्हा माझी चूक ध्यानात आली.

जेवणाचे आमंत्रण दोन-तीनदा नाकारले असेल, तर चौथे येत नाही. अशा वेळी आपणच त्या कुटुंबाला घरी बोलवावे. खोली लहान असली, स्वयंपाक साधा असला तरी चालतो.

आणि वर्ष उलटून गेले, आता उशीर झाला असे वाटत असेल, तर पहिल्या महिन्यात ज्यांनी आपल्याला हाक मारली होती आणि आपण जाऊ शकलो नव्हतो, अशा माणसांची नावे कागदावर लिहावीत. मी हे केले तेव्हा चार नावे निघाली. फोन न करता येत्या रविवारी सकाळी त्यांच्यातील एकाच्या दारात जाऊन उभे राहावे आणि मागच्या वर्षी येता आले नाही, म्हणून आज आलो, एवढेच सांगावे.