संदर्भ विभागात प्रश्न घेऊन जाताना

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर सापडेल हे शोधायला मदत करणारा माणूस तिथे बसलेला असतो. या मदतीचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय असो की तालुक्याचं लहान ग्रंथालय, पद्धत साधारण सारखीच.

निघण्याआधी

फोन करून संदर्भ विभागाची वेळ विचारा. देवघेवीच्या वेळेपेक्षा ती वेगळी असू शकते. सभासद नसलेल्याला बसून वाचता येतं का, तेही विचारून घ्या. जुन्या वर्तमानपत्रांचे किंवा मासिकांचे बांधीव खंड हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा. ते बऱ्याचदा वेगळ्या खोलीत असतात आणि शोधून, धूळ झटकून आणायला वेळ लागतो. सोबत ओळखपत्र, वही आणि शिसपेन्सिल घ्या. जुन्या पुस्तकाजवळ शाईचं पेन नको, पडलेला डाग पुन्हा निघत नाही.

प्रश्न कसा सांगावा

"केळीवर पुस्तक आहे का?" असं विचारलं तर लागवडीची पुस्तकं समोर येतील. तुम्हाला हवा असतो करप्यावरचा उपाय. दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, फळबागा 634 मध्ये आणि पिकांचे रोग 632 मध्ये लागतात, म्हणजे दोन वेगळ्या मांडण्या. "खालच्या पानांवर पिवळट रेघा पडतात, मग पान तपकिरी होऊन करपतं" एवढं सांगितलंत की ग्रंथपाल दोन्हीकडे पाहतील. काय हवंय, कुठलं, कोणत्या काळातलं आणि कशासाठी, या चार गोष्टी सांगा. अहिराणीत सांगितलं तरी चालतं, लाजायचं कारण नाही.

फवारणीचं प्रमाण मात्र जुन्या पुस्तकातून उचलू नका. आधी प्रकाशनाचं वर्ष पाहा. औषधं आणि शिफारशी बदलत राहतात, म्हणून कृषी विद्यापीठाची चालू शिफारस मागा.

गावाची जुनी माहिती हवी असेल तर

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, कारण लोक आजचा जिल्हा धरून शोधतात.

1. ज्या वर्षाची माहिती हवी, त्या वर्षी गाव कोणत्या जिल्ह्यात होतं ते आधी ठरवा. 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून निघाला. म्हणून शहाद्याजवळच्या गावाची 1951 ची लोकसंख्या पश्चिम खानदेशाच्या जनगणना पुस्तिकेत, 1991 ची धुळ्याच्या आणि 2001 ची नंदुरबारच्या पुस्तिकेत पाहावी लागते. मालेगाव, नांदगाव, बागलाण हे भागही 1869 पर्यंत खानदेशातच होते.

2. मग तालुका. 1880 च्या इंग्रजी खानदेश गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, जळगाव तालुका शोधून सापडणार नाही. तो नशिराबाद नावाने आहे. रावेर-यावलकडची गावं सावदा तालुक्यात, साक्रीकडची पिंपळनेरमध्ये आणि शिंदखेड्याकडची विरदेलमध्ये पाहा.

3. नावाचं इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहा. धुळ्याचं तिथे 'धुलिया' आहे. 'ळ' असलेल्या गावनावांना ही अडचण येऊ शकते.

4. गॅझेटियरच्या शेवटी स्थळांचं प्रकरण इंग्रजी वर्णक्रमाने लावलेलं आहे, तिथून सुरुवात करा. गाव लहान असेल आणि तिथे नसेल, तर शेती, व्यापार, रस्ते या प्रकरणांत तालुक्याच्या नावाने पाहा.

या गॅझेटियरमधले आकडे घ्या, पण भिल्ल आणि इतर समाजांबद्दलचे शेरे आहेत तसे उतरवू नका. ती 1880 च्या इंग्रज अधिकाऱ्यांची नजर आहे.

कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला 79. शके 1798 चा श्रावण म्हणजे 1876, आणि त्याच शकातला माघ बहुधा 1877 मध्ये पडतो. हा एक वर्षाचा फरक विसरला की वर्तमानपत्राचा चुकीचा खंड उघडला जातो.

कोश पाहताना

शब्द नाही असं ठरवण्याआधी वर्णक्रम तपासा. काही कोशांत क्ष आणि ज्ञ हे क आणि ज च्या जोडाक्षरांत येतात, काहींत अगदी शेवटी. ळ चंही तेच: कुठे ल नंतर, कुठे ह नंतर. 1962 च्या लेखननियमांआधीच्या सूचींत 'गांव', 'नांव' असे अनुस्वार असतात, त्यामुळे शब्दाची जागाच बदलते. विश्वकोशाचे 20 खंड आता इंटरनेटवरही मोफत आहेत.

तिथे नाही मिळालं तर

"आता कुठे पाहू?" हे विचारल्याशिवाय उठू नका. इतिहासाच्या कागदपत्रांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी ते उभं राहिलं. रामदासी हस्तलिखितांसाठी धुळ्याचंच समर्थ वाग्देवता मंदिर. अशा ठिकाणी जाताना ग्रंथपालांचं पत्र सोबत असलं तर बरं. सातबारा किंवा जन्मनोंद ग्रंथालयात मिळत नाही, त्यासाठी तलाठी आणि नगरपालिका किंवा ग्रामपंचायत.

झेरॉक्स आणि टिपण

जुना बांधीव खंड झेरॉक्सच्या काचेवर दाबला की पाठ उकलते, आणि ठिसूळ झालेला कागद घडीवर तुटतो. परवानगी घेऊन, फ्लॅश बंद करून मोबाइलने फोटो काढा. पहिला फोटो शीर्षकपानाचा, मगच हव्या त्या पानाचा. नाहीतर घरी आल्यावर कोणतं पान कोणत्या पुस्तकातलं हे कळत नाही. वहीत लेखक, वर्ष, पान आणि शिक्क्याजवळ लिहिलेला दाखल अंक उतरवा. पुढच्या वेळी तेवढ्या अंकावर तेच पुस्तक काढून मिळेल.

वाचून झालं की पुस्तक टेबलावरच राहू द्या, मांडणीत स्वतः ठेवू नका. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या यादीत दिसत राहतं, पण हाती लागत नाही. वार्षिक मोजणी होईपर्यंत कधी कधी ते सापडतच नाही.