हार्थस्टोनमधलं लेजेंडरी कार्ड: १६०० डस्ट घालण्याआधी

हार्थस्टोन या ऑनलाइन कार्डगेममध्ये लेजेंडरी, म्हणजे सर्वांत दुर्मिळ, कार्ड बनवायला १६०० डस्ट (कार्डं बनवण्याचं गेममधलं चलन) लागते, मोडलं तर परत मिळते फक्त ४००. म्हणून आधी पॅक (कार्डांची पाकिटं) फोडा. नव्या सेटच्या (एकत्र येणाऱ्या कार्डसंचाच्या) पहिल्या १० पॅकांत एक लेजेंडरी हमखास निघतं, पुढे जास्तीत जास्त ४० पॅकांत एक. ही मोजणी प्रत्येक सेटची वेगळी चालते. चार सेटांत गोल्ड (पॅक घ्यायचं गेममधलं नाणं) वाटलं की सगळीकडे अर्धवट राहतं. पॅक संपल्यावरच डस्टला हात लावा, नाहीतर डस्ट घालून बनवलेलं कार्ड फुकटातही निघालं असतं.

पारख करताना आधी सेटचं वर्ष बघा. वर्षातला पहिला सेट आला की जुने सेट स्टँडर्डबाहेर (फक्त अलीकडचे सेट चालणाऱ्या मुख्य प्रकाराबाहेर) जातात, त्यामुळे फेब्रुवारीत जुनं कार्ड बनवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. न्यूट्रल कार्ड कुठल्याही क्लासला (खेळाडू निवडतो त्या पात्राच्या प्रकाराला) चालतं, पण ते एकाहून जास्त चालत्या डेकमध्ये (कार्डांच्या गड्ड्यांमध्ये) दिसतंय का ते तपासा. एचएसरिप्ले या आकडेवारीच्या साइटवर कार्ड हातात आल्यावरचा विनरेट (जिंकलेल्या डावांची टक्केवारी) डेकच्या सरासरीशी ताडा. खेळायला जास्त माना (चाल खेळण्याची ऊर्जा) लागणाऱ्या कार्डांत कार्ड खेळल्यावरचा विनरेट मात्र फसवा असतो, कारण ती बहुधा लांबलेल्या डावांतच खेळली जातात.

विरार लोकलमध्ये नेट तुटून चाल हुकली, तर तो डाव पारखीत धरू नका.

नर्फची (कंपनी कार्ड कमजोर करणार असल्याची) कुणकुण असेल तर कार्ड मोडू नका: बदलानंतर काही दिवस ते मोडलं तर पूर्ण डस्ट परत मिळते.